लघुग्रहावरील विवराचे नाव विकत मिळत नाही

पैसे भरले की एखाद्या लघुग्रहावरील विवराला आपल्या मुलाचे किंवा दिवंगत आजोबांचे नाव देता येते, असा समज सोलापुरातही वर्षानुवर्षे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. चौकाला नाव महापालिका देते, पाटी रंगवणारा नव्हे. तशी पृष्ठरचनांची नावे १९१९ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ मंजूर करतो आणि त्यासाठी शुल्क आकारत नाही. खाजगी प्रमाणपत्र चौकटीत शोभून दिसेल, परंतु अधिकृत नकाशात त्याची नोंद होत नाही.

गैरसमजाचे मूळ बहुधा असे, की लघुग्रह शोधणाऱ्याला त्या लघुग्रहाचे नाव सुचवण्याचा मान मिळतो. पृष्ठभागावरील विवरांचे नियम मात्र निराळे असून तेथे प्रत्येक लघुग्रहासाठी आधी एक विषय ठरतो. २७ जून १९९७ रोजी 'निअर' यान मॅथिल्डजवळून गेले, तेव्हा सुमारे ५३ किलोमीटर व्यासाचा हा लघुग्रह, त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम चार टक्के परावर्तित करणारा, कोळशासारखा काळाकुट्ट दिसला, म्हणून त्याच्या विवरांना जगभरातील कोळसाक्षेत्रांची नावे देण्यात आली. त्यांतील 'दामोदर' हे नाव वाचून कोणाला श्रीकृष्ण आठवला तर नवल नाही, पण ते आले आहे दामोदर खोऱ्यातील कोळशावरून. इरॉसवरील विवरांना पुराणकथांतील व साहित्यातील प्रेमिकांची नावे आहेत, तर बेन्नूवरील रचनांना पक्ष्यांची.

व्यक्तीचे नाव द्यायचेच झाले, तर तिच्या निधनाला किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात.