टी-पेशींची भाऊबंदकी

‘मुंबईत शोध लागला, एका इंजेक्शनमध्ये कॅन्सर गायब!’ हा फॉरवर्ड आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा पुन्हा फिरला. त्यातलं मुंबईचं तेवढं खरं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. पण तो चालतो बी-पेशींच्या (या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काही ल्युकेमिया आणि लिम्फोमांवर, म्हणजे रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरवर, तेही नेहमीचे उपचार थकल्यावर. आणि काही रुग्णांत आजार पुन्हा उलटतो. तो का उलटतो, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

आधी थोडी उजळणी. रुग्णाचं रक्त एका नळीने यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी छोट्या पिशवीत जमतात, उरलेलं रक्त परत अंगात. त्यातल्या टी-पेशींमध्ये, म्हणजे आजारी पेशी हुडकून मारणाऱ्या पेशींमध्ये, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी एक जनुक घालतात. मग पेशीच्या अंगावर ‘कार’ नावाचं प्रथिन उगवतं. त्याचं टोक बी-पेशींवरचं सीडी१९ नावाचं प्रथिन पकडतं आणि टी-पेशी समोरच्या पेशीला मारते. (त्याच ग्रुपवर गव्हांकुराच्या रसाने ब्लड कॅन्सर बरा होतो असंही आलं होतं. रसाला सीडी१९ कसं ओळखू येतं, हे कुणी विचारलं नाही.)

आता मुद्दा. टी-पेशी कॅन्सरपेशीला चिकटते, मग सुटते. सुटताना कधी कधी समोरच्या पेशीच्या पटलाचा लचका, सीडी१९सकट, तिच्याबरोबर निघून येतो. या कुरतडण्याला ट्रोगोसायटोसिस म्हणतात. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी उंदरांमधल्या ल्युकेमियात हे दाखवलं. परिणाम दुहेरी. कॅन्सरपेशीच्या अंगावरचं सीडी१९ विरळ होतं, म्हणजे सीडी१९चं जनुक शाबूत असूनही ती लपते. आणि चोरलेलं सीडी१९ टी-पेशीच्याच अंगावर मिरवतं. शेजारची कार-टी पेशी ते बघते आणि आपल्याच भावाला मारते. शुद्ध भाऊबंदकी!

मग कारची पकड ढिली केली तर? निसर्गातल्या टी-पेशीचं ग्राही प्रथिन आपलं लक्ष्य तसं सैलच धरतं. सुरुवातीच्या कारचं टोक मात्र उंदराच्या अँटिबॉडीवरून घेतलेलं, आणि अँटिबॉडी म्हणजे घोरपडच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने सीडी१९ला ४० पटींहून कमी आसक्तीने धरणारं टोक निवडलं. आसक्ती कमी म्हणजे इथे मुख्यतः सुटण्याचा वेग जास्त: काही सेकंदांत काम उरकून पेशी पुढच्या शिकारीकडे मोकळी. लहान मुलांवरच्या पहिल्या चाचणीत या पेशी अंगात भरपूर वाढल्या, टिकल्या, आणि सायटोकाइनचं (प्रतिकारशक्तीच्या संदेश-प्रथिनांचं) तीव्र वादळही दिसलं नाही. त्यातूनच आलेल्या ओबे-सेल उपचाराला नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या ल्युकेमियासाठी मंजुरी मिळाली.

पकड फारच ढिली केली तर विरळ सीडी१९ असलेली पेशी हातातून निसटते. म्हणून काही गट सीडी१९बरोबर बी-पेशींवरचंच सीडी२२ नावाचं दुसरं प्रथिनही ओळखणाऱ्या दुटोकी कारवर काम करताहेत. तिथे दोन्ही टोकांची पकड वेगवेगळी जुळवावी लागते.