पक (उपग्रह)

युरेनस (प्रजापती) या ग्रहाचा लहान, काळपट उपग्रह. व्यास सुमारे 162 किमी, म्हणजे आपल्या चंद्राच्या जेमतेम एकविसावा भाग. तरीही युरेनसच्या कड्यांजवळ घुटमळणाऱ्या आतल्या उपग्रहांमध्ये हाच सर्वांत मोठा.

पकचा शोध व्हॉयेजर 2 यानाने पाठवलेल्या छायाचित्रांतून 30 डिसेंबर 1985 रोजी स्टीफन सिनॉट यांनी लावला. यान युरेनसजवळून जाणार होते 24 जानेवारी 1986 रोजी. मधल्या पंचवीस दिवसांत यानाच्या आधीच आखलेल्या छायाचित्रणाच्या वेळापत्रकात पकसाठी कशीबशी जागा काढण्यात आली. त्याच मोहिमेत सापडलेले आणखी नऊ उपग्रह जानेवारीत दिसले, तोवर वेळ निघून गेली होती. त्यामुळे ते ठिपके किंवा पुसट रेघाच राहिले, पकचा मात्र चेहरा दिसला. सुमारे पाच लाख किमी अंतरावरून टिपलेल्या त्या छायाचित्रात सारा उपग्रह मोजक्या चित्रबिंदूंत मावतो, पण तो जवळजवळ गोल आहे आणि विवरांनी भरलेला आहे, एवढे त्यातून कळते. इतक्या लहान पिंडाने बटाट्याऐवजी चेंडूचा आकार घ्यावा, हे थोडे नवलच.

पृष्ठभाग जुन्या डांबरी रस्त्याइतका काळा असून पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा भाग परत फेकतो. गंमत म्हणजे वर्णपटात पाण्याच्या बर्फाच्या खुणा मिळतात. हा बर्फ कार्बनयुक्त काळ्या द्रव्याने मळलेला असावा आणि प्रारणांच्या माऱ्याने ते द्रव्य काळवंडले असावे, असे मानले जाते.

पक युरेनसच्या केंद्रापासून सुमारे 86,000 किमी अंतरावरून 18 तास 17 मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. ग्रहाला स्वतःभोवती फिरायला सुमारे 17 तास 14 मिनिटे लागतात. हा तासाभराचा फरक महत्त्वाचा आहे. पकच्या आत असलेले उपग्रह ग्रहाच्या स्वतःच्या फिरण्यापेक्षा वेगाने फेरी मारतात, म्हणून भरती-ओहोटीच्या प्रेरणांमुळे ते हळूहळू ग्रहाकडे ओढले जातात. फेरीचा काळ आणि ग्रहाच्या फिरण्याचा काळ जिथे सारखा होतो, त्या सीमेच्या पक किंचित बाहेर असल्याने दूर सरकतो.

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात पक हा ओबेरॉन राजाचा खोडकर सेवक आहे. ओबेरॉन आणि टिटानिया ही नावे युरेनसच्या दोन मोठ्या उपग्रहांना आधीच मिळाली होती, तेव्हा सेवकही शेजारी आला. पकवरच्या विवरांना युरोपीय लोककथांतल्या खोडकर भुतांची नावे आहेत: बोगल, लॉब आणि बुट्झ.

युरेनसजवळ नवा पिंड सापडल्याची वार्ता पकच्या आधी भारतातूनही आली होती. 10 मार्च 1977 रोजी युरेनसने एका ताऱ्याचे पिधान केले, म्हणजे त्या ताऱ्याला झाकले. तमिळनाडूतील कावलूर येथून जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांना ताऱ्याचे तेज क्षणभर घटलेले दिसले, आणि त्यांनी तो नवा उपग्रह असावा असे मांडले. प्रत्यक्षात आड आले होते ते युरेनसचे कडे.

1986 मध्ये युरेनसचा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता. पकचा उत्तरेकडचा अर्धा भाग त्या छायाचित्रात अंधारात आहे, आणि त्यानंतर तिथे कोणतेही यान गेलेले नाही.