निर्माता ‘शक्य’ आहे असे म्हणण्याआधी

तर्कशास्त्रात ‘शक्य’ या शब्दाचा अर्थ काटेकोर आहे: ज्या कल्पनेच्या पोटात विसंगती नाही, ती शक्य. उडणारा हत्ती शक्य, चौकोनी वर्तुळ अशक्य. विश्व कुणीतरी निर्माण केले, एवढेच म्हटल्याने विसंगती निघत नाही. पेच पडतो तो त्या निर्मात्याला ‘तो नसूच शकत नाही’ हा गुण जोडल्यावर.

शक्य आणि अनिवार्य (म्हणजे नसूच न शकणारे) यांचे नियम मांडणाऱ्या एस-५ या तर्कपद्धतीत, जे अनिवार्यपणे असणे शक्य आहे ते प्रत्यक्षात असतेच. म्हणजे ‘शक्य तरी आहे ना?’ याला सहज हो म्हटले की सगळा वाद तिथेच संपला. पण ‘असा निर्माता नसणेही शक्य आहे’ हे मान्य केले, तर तो अशक्य ठरतो. दोन्ही वाक्ये सारखीच निरुपद्रवी वाटतात, आणि दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. म्हणूनच इथे शक्यता गृहीत धरून चालत नाही, ती सिद्ध करावी लागते.

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९७० च्या टिपणात नेमका तोच प्रयत्न केला. त्यांच्या मांडणीत प्रत्येक ‘सकारात्मक’ (म्हणजे निखळ चांगला) गुण कुणात तरी असणे शक्य असते, आणि अनिवार्य अस्तित्व हा असाच एक गुण. संगणकाने ही गृहीतके तपासली तेव्हा ती परस्परविरोधी निघाली! चूक ‘सारगुणा’च्या व्याख्येत होती. ज्या गुणातून वस्तूचे बाकी सगळे गुण ओघाने येतात, तो तिचा सारगुण. पण तो गुण मुळात त्या वस्तूत असावा, ही अट टिपणात राहून गेली. आता ‘स्वतःहून भिन्न असणे’ हा गुण घ्या. तो कशातच नसतो, त्यामुळे ‘ज्यात तो आहे त्यात अमुकही आहे’ हे विधान कधी खोटे पडत नाही. मग तो प्रत्येकाचाच सारगुण ठरतो. अनिवार्य अस्तित्व म्हणजे आपला प्रत्येक सारगुण कुणात तरी अनिवार्यपणे असणे. असे अस्तित्व कुणात तरी शक्य मानले, की स्वतःहून भिन्न अशी वस्तू असलीच पाहिजे, आणि हे तर अशक्य!

याच युक्तिवादाच्या तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांनी मांडलेल्या आवृत्तीत ती अट आहे आणि तिथली गृहीतके सुसंगत आहेत. अर्थात सुसंगत म्हणजे खरी नव्हे. शिवाय तत्त्वज्ञ जॉर्डन हॉवर्ड सोबेल यांनी १९८७ मध्ये दाखवलेला परिणाम याही आवृत्तीला लागू पडतो: जे जे खरे ते सगळे अनिवार्य ठरते. तसे असेल तर विश्व निर्माण न करण्याची मोकळीक निर्मात्यालाच उरत नाही.