सुतारकामाचे शिक्षण: उमेदवाराचा खर्च कोणी उचलायचा?

सुतारकाम रीतसर शिकायला आज जर्मनीत तीन वर्षे लागतात, अमेरिकेत साधारण चार. कामावरचे दिवस, वर्गातले तास, शेवटी परीक्षा आणि मग प्रमाणपत्र, असा हा साचा आहे. तो कोणा शिक्षणतज्ज्ञाने बसून आखलेला नाही. काही शतके चाललेल्या एका रोकड्या वादातून तो घडत गेला. नवशिका पोरगा, म्हणजे उमेदवार, लाकूड नासवतो, हत्यारांची धार घालवतो, मिस्त्रीचा वेळ खातो. तो कामाचा होईपर्यंत हा भुर्दंड कोणी सोसायचा, हा तो वाद.

मध्ययुगीन युरोपातल्या कारागीर संघांनी त्यावर मुदतीचा तोडगा काढला. पॅरिसमध्ये एत्येन ब्वालो या अधिकाऱ्याने १२६८ च्या सुमारास शहरातल्या धंद्यांचे नियम लिहवून घेतले, त्यात सुतारांचेही आहेत. लंडनच्या सुतार संघाला १४७७ मध्ये राजाची सनद मिळाली. मुलगा मिस्त्रीच्या घरी राहायचा, तिथेच जेवायचा, पगार असा काही नसायचा. पहिली एक-दोन वर्षे मिस्त्री तोट्यात. पुढे पोराचा हात बसला की तोच मुलगा जवळजवळ फुकटात तयार कारागिराइतके काम उपसायचा आणि आधीची तूट भरून निघायची. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. रंधा आणि पटाशी हातात बसायला सात वर्षे लागत होती असे मुळीच नाही. त्या सात वर्षांत शिकवणीची फी वसूल होत होती, आणि बाजारात नवे सुतार फार लवकर येऊ नयेत ही सोयही होत होती.

करार मात्र पक्का असायचा. एकाच कागदावर मजकूर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी कापून एक भाग मिस्त्रीकडे, दुसरा मुलाच्या बापाकडे देत. तंटा झालाच तर दोन्ही तुकडे जुळवून बघायचे. त्या मुदतीत मुलाने लग्न करायचे नाही, फासे खेळायचे नाहीत, दारूच्या गुत्त्यात जायचे नाही, धन्याची गुपिते बाहेर फोडायची नाहीत. मिस्त्रीने त्या बदल्यात खायला-ल्यायला द्यायचे आणि धंदा शिकवायचा. नेमके काय शिकवायचे, हे मात्र करारात मोघमच असे.

संघांना शिक्षणापेक्षा हद्दीची काळजी जास्त होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. लंडनमध्ये घरे उभारणारे सुतार आणि लाकडी सामान बनवणारे कारागीर यांच्यात कोणते काम कोणाचे यावरून इतकी जुंपली की १६३२ मध्ये नगरप्रमुखांच्या मंडळाला निवाडा द्यावा लागला. ढोबळ मानाने खोबणी पाडून किंवा सरसाने चिकटवून जोडायचे ते सामानवाल्यांचे, खिळे ठोकून जोडायचे ते सुतारांचे. उमेदवार काय शिकणार, हेही मग असल्या वाटणीवरच ठरायचे.

एकाच मिस्त्रीकडे सात वर्षे काढली तर त्या मिस्त्रीला येते तेवढेच येणार. यावरचा जर्मन उपाय म्हणजे भटकंती. उमेदवारी संपवून परीक्षा दिलेला तरुण तीन वर्षे आणि एक दिवस घराबाहेर राहतो, आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत फिरकत नाही, मिळेल तिथे काम करतो. काळा कॉर्डरॉय, खाली रुंद होत जाणारी पँट आणि काळी टोपी घातलेले असे तरुण सुतार आजही रस्त्याने चालताना दिसतात. फ्रान्समध्ये अशाच फिरत्या कारागिरांच्या बिरादऱ्या होत्या, आणि शिक्षणाच्या दृष्टीने त्यांनी फार मोलाचे काम केले. त्यांनी रेखाटन शिकवले.

याचे महत्त्व छपरापाशी उभे राहिल्यावर कळते. दोन उतार जिथे मिळतात तिथला कोनवासा दोन्ही दिशांनी तिरका असतो. त्याच्या टोकाचा छेद नुसत्या अंदाजाने कापला तर सांध्यात फट राहते. म्हणून आधी जमिनीवर छपराचा नकाशा खऱ्या मापात आखायचा, त्या रेघांवर लाकडे एकावर एक रचायची, ओळंबा सोडून खालची रेघ वरच्या लाकडावर घ्यायची आणि मग करवत लावायची. हे भूमितीचे ज्ञान मिस्त्री सहसा हातचे राखून ठेवत. दिवसा काम आणि रात्री रेखाटनाचा वर्ग, अशी सोय फ्रेंच बिरादऱ्यांनी केली. १८०५ मध्ये जन्मलेला आग्रिकोल पेर्दिग्ये हा सुतार पॅरिसमध्ये असे वर्ग चालवायचा. १८४८ मध्ये तो लोकप्रतिनिधी म्हणून निवडूनही आला. लाकडी सांगाड्याच्या या रेखाटन-परंपरेला युनेस्कोने २००९ मध्ये वारसा यादीत घेतले.

दरम्यान संघांचा पायाच उखडला. फ्रान्समध्ये राजाचा अर्थमंत्री तुर्गो याने १७७६ मध्ये संघ बंद केले, काही महिन्यांत ते पुन्हा आले आणि १७९१ मध्ये क्रांतीने ते कायमचे मोडीत काढले. इंग्लंडने उमेदवारीची सक्ती १८१४ मध्ये रद्द केली. कोणीही कोणताही धंदा करावा, हे ऐकायला छान होते. पण सात वर्षे बांधून ठेवता येत नसेल तर मिस्त्रीने पोराला शिकवावे तरी का? हात जरा बसला की तो चार पैसे जास्त देणाऱ्या शेजारच्या ठेकेदाराकडे जाणार. त्यात यंत्रे आली. वाफेवरचा रंधा, यंत्रातून निघणारे स्वस्त खिळे, कारखान्यातून तयार येणारी दारे-खिडक्या. शिकागोत १८३० च्या दशकापासून जाड तुळयांऐवजी पातळ फळकुटे खिळ्यांनी ठोकून घरे उभी राहू लागली, आणि त्यासाठी खोबणीचा नाजूक सांधा येण्याची गरजच उरली नाही. निम्मे काम जाणणारा माणूस निम्म्या मजुरीत मिळत असताना पूर्ण सुतार घडवायची तसदी कोण घेणार?

जे मिस्त्री करीनासे झाले ते शाळेने करावे, ही कल्पना इथून पुढे आली. तिला पद्धतीचे रूप मिळाले मॉस्कोत. तिथल्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलचे संचालक व्हिक्टर देला-व्होस यांनी १८६८ मध्ये सुतारकामाचे तुकडे पाडले. आधी आखलेल्या रेघेवर करवत चालवणे, मग फळीचा एक पृष्ठभाग सपाट करणे, मग कड त्याच्याशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणणे, मग साधा सांधा, मग अवघड. प्रत्येक पायरीचे चित्र आणि नमुना तयार. प्रत्येक मुलाला स्वतःचे बाक आणि हत्यारे. एका मिस्त्रीला एक-दोन उमेदवार सांभाळता येत, इथे एकच शिक्षक अख्खा वर्ग हाकू लागला. खर्चाच्या वादाला हे सरळ उत्तर होते: शिकवणे स्वस्त करा.

१८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके भारावले की त्याच वर्षी त्यांच्या संस्थेत अशा कार्यशाळा काढायचे ठरले. प्रशिक्षण संस्थेत पहिले काही महिने फक्त सांध्यांचे नमुने करून घेण्याची जी चाल आजही दिसते, तिचे मूळ या मॉस्कोच्या बाकापर्यंत जाते. सांधा करायचा, शिक्षकाने गुण्या लावून फट बघायची, गुण द्यायचे आणि तुकडा भंगारात.

त्या भंगारावर स्वीडनमधून हरकत आली. नेस इथे शिक्षकांसाठी हस्तव्यवसायाचे वर्ग चालवणारे ओटो सालोमन म्हणत, मुलाने पहिल्या दिवसापासून वापरात येणारी वस्तू करावी. त्यांच्याकडे सुरुवात चाकूने होत असे आणि साध्या घरगुती वस्तूंपासून पुढे चढत जायचे. सालोमन यांना मुलांचे सुतार बनवायचे नव्हते, हे खरे. हाताच्या कामातून मुलगा घडावा एवढाच त्यांचा हेतू होता. तरीही त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. ज्या सांध्यावर कधी वजन पडणारच नाही तो करताना आळस येणारच.

जपानमध्ये हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला. इसे इथले देवालय साधारण दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते, २०१३ ची बांधणी बासष्टावी. एका फेरीत उमेदवार असलेला पुढच्या फेरीत जाणता कारागीर असतो. अर्थात तसला यजमान प्रत्येकाला कुठून मिळणार?

विसाव्या शतकात सरकारांनी खर्चाच्या मुद्द्याला थेट हात घातला. फ्रान्सने १९१९ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या उमेदवारांना वर्ग सक्तीचे केले आणि १९२५ मध्ये उद्योगांवर खास उमेदवारी-कर बसवला. अमेरिकेने १९१७ मध्ये व्यावसायिक शाळांना केंद्राचे पैसे दिले, १९३७ मध्ये उमेदवारीची राष्ट्रीय मानके ठरवायचा कायदा केला. भारताच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन आणले. ब्रिटनने १९६४ च्या कायद्यानंतर उद्योगनिहाय मंडळे नेमली. सगळ्या मालकांकडून वर्गणी गोळा करायची आणि शिकवणाऱ्यांना त्यातून पैसे द्यायचे, म्हणजे दुसऱ्याने घडवलेला कारागीर पळवणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागेल. १९८० च्या दशकात यातली बहुतेक मंडळे गुंडाळली गेली. बांधकामाचे टिकले, कारण या धंद्यात माणसे सतत एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जातात आणि बरेचसे काम उक्ते, म्हणजे एकूण कामाची रक्कम ठरवून, दिले जाते. उक्त्या कामात उमेदवाराला समजावून सांगण्यात गेलेला प्रत्येक तास मिस्त्रीच्या खिशातून जातो.

जर्मनीत वेगवेगळ्या काळातले हे तोडगे एकत्र नांदतात. छपरे उभारणारा सुतार तीन ठिकाणी शिकतो: ठेकेदाराच्या प्रत्यक्ष कामावर, सरकारी व्यवसाय-शाळेत आणि अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेल्या प्रशिक्षण केंद्रात. हे केंद्र लागते, कारण चार माणसांच्या कंपनीला वर्षभर एकाच प्रकारची छपरे मिळाली तर उमेदवाराला बाकीची दिसणारच नाहीत. तिथे बाकावर नमुन्याचे सांधे होतात, जमिनीवर कोनवासा आखला जातो आणि पुढच्या आठवड्यात मुलगा खऱ्या छपरावर असतो. उमेदवाराच्या वेतनाचा आणि केंद्राचा बराचसा खर्च बांधकाम उद्योगाच्या सामाईक निधीतून भागतो. १९७० च्या दशकापासून त्या निधीत कंपन्या भर घालत आल्या आहेत, आणि एकही उमेदवार न ठेवणाऱ्या कंपनीलाही त्यातून सूट नाही.