गोडव्याचा कायदा : सॅकरिनपासून अ‍ॅस्पार्टेमपर्यंत

'शुगर फ्री' पेयाच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काही ओळी असतात. स्वीटनर (साखरेऐवजी गोडवा आणणारा पदार्थ) वापरल्याची नोंद असते, फेनिलअ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाबद्दल इशारा असतो, एखाद्या देशात तर पुढच्या बाजूलाच मुलांना देऊ नये अशी सूचनाही असते. या ओळी काही एका बैठकीत ठरलेल्या नाहीत. प्रत्येक ओळ वेगळ्या काळात, वेगळ्या भांडणातून आली आहे. स्वीटनरमुळे साखरेचा धंदा बुडतो का, ग्राहकाची फसवणूक होते का, कॅन्सर होतो का, किती घेतलं तर चालेल, असे निरनिराळे प्रश्न कायद्याने गेल्या सव्वाशे वर्षांत विचारले. नवा प्रश्न आला तरी जुन्या प्रश्नातून झालेला नियम बहुतेक वेळा तसाच राहिला. आजचे नियम वाचताना गोंधळ उडतो तो यामुळेच.

सुरुवात सॅकरिनची. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होते. हाताला लागलेलं काहीतरी जेवताना गोड लागलं आणि त्यातून हा पदार्थ सापडला. तो साखरेच्या कित्येक पट गोड होता आणि ऊर्जा मात्र शून्य. फालबर्गनी पुढे जर्मनीत कारखाना काढला.

जर्मनीत तेव्हा बीटपासून साखर काढण्याचा उद्योग जोरात होता आणि सरकारला साखरेवरचा करही हवा होता. १९०२ च्या जर्मन कायद्याने सॅकरिनची सर्वसाधारण विक्री बंद केली. ते फक्त औषधाच्या दुकानातून, मधुमेहासारख्या कारणासाठीच मिळू लागलं. फ्रान्सनेही त्याच सुमारास तसंच बंधन घातलं. स्वित्झर्लंडमध्ये उत्पादन चालूच होतं, तेव्हा सीमेवरून सॅकरिनची चोरटी आयात सुरू झाली. पहिल्या महायुद्धात साखरेची टंचाई झाल्यावर हीच बंधनं सैल करावी लागली. कृत्रिम स्वीटनरवरचे पहिले कडक नियम आरोग्यापेक्षा साखर उद्योगाच्या आणि तिजोरीच्या काळजीपोटी आले होते. पुढचं सगळं वाचताना हे विसरून चालत नाही.

अमेरिकेत वाद वेगळ्या अंगाने पेटला. १९०६ मध्ये भेसळविरोधी कायदा झाला. त्यामागचे मोठे नाव म्हणजे कृषी खात्यातले मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली. १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर बैठक चालू असताना डबाबंद मक्यात साखरेऐवजी सॅकरिन घालून पैसे वाचवल्याची गोष्ट निघाली. वायली मध्येच बोलले: तो मका खाणारा प्रत्येक जण फसवला गेला, त्याला वाटलं साखर खातोय, प्रत्यक्षात तो डांबरापासून काढलेला, पोषणमूल्य नसलेला आणि प्रकृतीला घातक पदार्थ खात होता. रूझवेल्टना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरिन देत असत. ते उसळून म्हणाले की सॅकरिन घातक आहे असं म्हणणारा मूर्ख आहे. हा प्रसंग वायलींनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

वायलींच्या त्या एका वाक्यात दोन वेगळे आरोप होते. एक फसवणुकीचा, दुसरा विषारीपणाचा. रूझवेल्टनी शास्त्रज्ञांचं एक मंडळ नेमलं आणि त्याचं अध्यक्षपद दिलं आयरा रेमसन यांना, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिन सापडलं त्यांनाच. मंडळाचा निष्कर्ष असा की रोज ०.३ ग्रॅमपर्यंत सॅकरिन घेतल्याने अपाय होत नाही. त्याहून जास्त मात्रेने पचन बिघडू शकतं. म्हणजे विषाचा आरोप बराचसा गळून पडला. तरीही १९१२ पासून नेहमीच्या खाद्यपदार्थांत सॅकरिन घालणं अमेरिकेत भेसळ ठरलं, कारण साखरेच्या जागी ते घातलं की पदार्थाचं पोषणमूल्य उतरतं आणि ग्राहकाला ते कळत नाही. मला हा निर्णय तेव्हाच्या मानाने फार सरळ वाटतो. आरोग्याच्या धोक्याचा पुरावा नव्हता, तर तो असल्याचा आव सरकारने आणला नाही. बंदीचं कारण फसवणूक हे होतं आणि तेच सांगितलं गेलं.

यानंतरची काही दशकं फार काही घडलं नाही. १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा या विद्यार्थ्याला सायक्लामेट सापडलं. डल्सिन नावाचा एक जुना स्वीटनर विषारी ठरल्यामुळे १९५० मध्ये अमेरिकेत बाद झाला.

मोठं वळण आलं १९५८ मध्ये. खाद्यपदार्थांत घालायच्या रसायनांसाठी अमेरिकेने नवा कायदा केला आणि न्यूयॉर्कचे खासदार जेम्स डेलनी यांच्या आग्रहाने त्यात एक कलम आलं: माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर घडवणारं कोणतंही रसायन सुरक्षित मानता येणार नाही. किती मात्रेत, किती दिवस, याला या कलमात जागाच नव्हती. कॅन्सरची भीती खरी होती, रसायन उद्योग वाढत होता, आणि हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण 'किती' हा प्रश्नच कायद्यातून काढून टाकला की पुढे काय होतं, ते स्वीटनरच्या बाबतीत लख्ख दिसलं.

साठच्या दशकात दहा भाग सायक्लामेट आणि एक भाग सॅकरिन असं मिश्रण डायट पेयांत सर्रास वापरलं जात होतं. हे मिश्रण खायला दिलेल्या २४० उंदरांपैकी ८ उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट फिंच यांनी सायक्लामेट बाजारातून काढण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी बंदी पूर्ण झाली. ब्रिटन आणि जपाननेही बंदी घातली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सांगितलं की सायक्लामेट स्वतः कॅन्सर घडवतं असं उपलब्ध पुराव्यावरून दिसत नाही. तरी अमेरिकेतली बंदी आजही उठलेली नाही. युरोपीय संघात मात्र तोच पदार्थ ई-९५२ या क्रमांकाने चालतो, आणि ब्रिटननेही १९९६ मध्ये तो परत स्वीकारला.

मग पाळी सॅकरिनची. १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगात आहाराच्या ५ टक्के सॅकरिन दिलेल्या नर उंदरांत मूत्राशयाच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. माणसाने इतकी मात्रा गाठायची तर रोज शेकडो डबे डायट पेय प्यावं लागेल. पण डेलनी कलमाला मात्रेशी देणंघेणं नव्हतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, बंदीचा प्रस्ताव मांडला. सायक्लामेट आधीच गेलेलं, अ‍ॅस्पार्टेम या नव्या स्वीटनरची मंजुरी अडकलेली. म्हणजे देशात सॅकरिन हा एकमेव कायदेशीर कृत्रिम स्वीटनर उरला होता. मधुमेही आणि डायट पेय पिणारे चिडले आणि खासदारांकडे पत्रांचा पाऊस पडला.

नोव्हेंबर १९७७ मध्ये संसदेने वेगळीच वाट काढली. बंदी १८ महिने पुढे ढकलली आणि लेबलवर एक इशारा सक्तीचा केला. त्याचा आशय असा: हा पदार्थ वापरणं तुमच्या आरोग्याला धोक्याचं ठरू शकतं, यात सॅकरिन आहे, आणि त्याने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत कॅन्सर होत असल्याचं आढळलं आहे. हे एखाद्या दुकानदाराने माल विकताना वर 'घेऊ नका' असं सांगण्यासारखं झालं. वाचणाऱ्याने करायचं काय, हे त्या वाक्यातून कळत नव्हतं. १८ महिन्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि तो इशारा दोन दशकांहून जास्त काळ टिकला.

दरम्यान उंदरांचं कोडं सुटलं. नर उंदरांच्या मूत्रात प्रथिनं आणि क्षार अशा प्रमाणात असतात की सोडियम सॅकरिनच्या प्रचंड मात्रेने तिथे बारीक खडे तयार होतात. ते मूत्राशयाचं अस्तर खरवडतात, पेशी भराभर वाढतात आणि गाठी होतात. माणसाच्या शरीरात ही साखळी चालत नाही. २००० साली अमेरिकेच्या कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीतून सॅकरिन वगळलं गेलं आणि त्याच वर्षअखेरीस लेबलवरच्या इशाऱ्याचा कायदा रद्द झाला. कॅनडाने खाद्यपदार्थांतल्या सॅकरिनवरची १९७७ ची बंदी २०१४ मध्ये उठवली. तोवर अशी स्थिती होती की अमेरिकेत सॅकरिन चालायचं आणि सायक्लामेट नाही, तर शेजारच्या कॅनडात सायक्लामेट टेबलावरचा गोडवा म्हणून विकता यायचं, पण सॅकरिन पेयात घालता यायचं नाही. पुरावे दोन्ही देशांपुढे तेच होते.

'किती' हा प्रश्न परत आणण्याचं श्रेय जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीला, जेक्फाला, द्यावं लागेल. १९५६ पासून ती काम करते. फ्रेंच विषशास्त्रज्ञ रने त्रुओ यांनी रुजवलेली 'स्वीकार्य दैनिक मात्रा' ही कल्पना तिच्या कामाचा कणा आहे. आयुष्यभर रोज घेतली तरी अपाय होणार नाही अशी, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागची ही मात्रा असते.

ती कशी निघते ते अ‍ॅस्पार्टेमवरून पाहू. प्राण्यांना दर किलो वजनामागे रोज ४००० मिलिग्रॅम देऊनही अपाय दिसला नाही. प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी १० ने भागलं, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा १० ने भागलं. उरले ४० मिलिग्रॅम. १९८१ मध्ये जेक्फाने हाच आकडा ठरवला. ६० किलोच्या माणसाला रोज २४०० मिलिग्रॅम. युरोपात कमी ऊर्जेच्या पेयात लिटरमागे जास्तीत जास्त ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम चालतं, म्हणजे पूर्ण मर्यादेने भरलेलं पेय असलं तरी रोज चार लिटर. पण २० किलोच्या मुलाचा हिशेब केला तर ८०० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा लिटरच्या थोडं पुढे. मुलांच्या बाबतीत अंतर किती झपाट्याने कमी होतं ते या साध्या भागाकारातून कळतं, आणि मला वाटतं पालकांपर्यंत हा हिशेब पोचायला हवा.

अ‍ॅस्पार्टेमची स्वतःची वाटही सरळ नव्हती. जेम्स श्लॅटर यांना ते १९६५ मध्ये सर्ल कंपनीत सापडलं. १९७४ ला मंजुरी मिळाली, पण मेंदूवरच्या परिणामांबद्दल संशोधक जॉन ओल्नी यांनी हरकत घेतली, कंपनीच्या चाचण्यांच्या दर्जावरही शंका आल्या आणि १९७५ मध्ये मंजुरी थांबवली गेली. १९८० मध्ये स्वतंत्र चौकशी मंडळाने मंजुरीविरुद्ध मत दिलं. १९८१ मध्ये एफडीएचे नवे आयुक्त आर्थर हेज यांनी ते बाजूला ठेवून मंजुरी दिली. पेयांसाठी परवानगी १९८३ ची. या क्रमामुळे अ‍ॅस्पार्टेमभोवतीचा संशय कधी पूर्ण निवळला नाही.

फेनिलअ‍ॅलॅनिनचा इशारा इथूनच आला. अ‍ॅस्पार्टेम पचताना हे अमिनो आम्ल सुटतं. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांच्या शरीरात ते साठतं आणि मेंदूला इजा करतं. सॅकरिनच्या इशाऱ्याशी याची तुलना करून पाहावी. हा इशारा कुणासाठी आहे ते ठरलेलं आहे, कारण ठरलेलं आहे, आणि वाचून काय करायचं तेही त्या माणसाला माहीत आहे. लेबलवरचा इशारा असा असावा.

पुढे सुक्रालोज आलं. १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस या संशोधकाने, वरिष्ठांची सूचना ऐकण्यात गफलत झाल्याने, हा पदार्थ चाखला होता. कॅनडाने त्याला १९९१ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली, अमेरिकेने १९९८ मध्ये, युरोपीय संघाने २००४ मध्ये. स्टिव्हिया वनस्पतीजन्य असूनही तिला सूट मिळाली नाही. शुद्ध केलेल्या तिच्या अर्काला युरोपने २०११ मध्ये परवानगी दिली.

युरोपीय संघाने १९९४ मध्ये स्वीटनरसाठी समान निर्देश काढला आणि २००८ च्या नियमावलीत तो मुरवला. कोणत्या प्रकारच्या पदार्थात कोणता स्वीटनर किती, याची यादीच तिथे आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी अट. स्वीटनर मनाला येईल तिथे घालता येत नाही. पदार्थाची ऊर्जा किमान ३० टक्के कमी झाली पाहिजे, किंवा साखर घातलेलीच नसली पाहिजे, किंवा असंच एखादं नेमकं कारण हवं. लहान बाळांच्या अन्नात तर मनाईच. साखर महाग म्हणून गुपचूप स्वीटनर ढकलायचं, हे या अटीत बसत नाही. वायलींनी १९०८ मध्ये मक्याबद्दल जी तक्रार केली होती, तिला इथे विषाचा आरोप न करताच उत्तर मिळालं आहे.

२०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं आणि त्याच दिवशी जेक्फाने ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. बातम्यांमध्ये हे परस्परविरोधी म्हणून आलं, पण तसं नाही. पहिली संस्था पुरावा किती भक्कम आहे ते पाहते, दुसरी किती मात्रेपर्यंत धोका नाही ते सांगते. डेलनी कलमाने या दोन प्रश्नांची एकत्र गाठ मारली होती. २०२४ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सॅकरिनची मर्यादा ५ वरून ९ मिलिग्रॅम केली, कारण उंदरांतल्या त्या गाठी माणसाला लागू नाहीत.

आता वाद पुन्हा सरकतो आहे. २०२३ च्याच मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असा सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही. दुसरीकडे ब्रिटनने २०१८ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, आणि साखर कमी करायची तर उत्पादक स्वीटनरकडेच वळतात. मेक्सिकोत २०२० पासून पाकिटाच्या पुढच्या बाजूला, यात स्वीटनर आहेत, मुलांसाठी शिफारस नाही, असं ठळक लिहावं लागतं. मुलांची जीभ लहानपणापासून अति गोडाला सरावू नये, हा त्यामागचा विचार आहे. सवयीला मिलिग्रॅमची मर्यादा घालता येत नाही, त्यामुळे स्वीकार्य मात्रेचं कोष्टक इथे पुरं पडत नाही. बाकीच्या देशांना याच मुद्द्यावर नियम घडवायचे आहेत.