रंग उडाला म्हणजे विष गेलं असं नाही

फिनॉल हे विषारी रसायन मिसळलेलं पाणी चंचुपात्रात घेतलं तर ते अगदी नितळ दिसतं. वीज वाहावी म्हणून त्यात थोडं सोडियम सल्फेट घालायचं, दोन पट्ट्या बुडवायच्या आणि वीज सुरू करायची. पट्ट्यांवर बारीक बुडबुडे धरतात. थोड्या वेळाने पाणी पिवळसर होतं, मग तपकिरी. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, "अहो, हे तर आणखी बिघडलं!" आणि त्याचं खरंच असतं. फिनॉलपासून त्या घडीला बेंझोक्विनोन तयार झालेलं असतं आणि पाण्यातल्या जिवांना ते फिनॉलपेक्षाही घातक आहे. वीज तशीच चालू ठेवली की तपकिरी रंग ओसरतो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. दोन्ही वेळचं नितळ पाणी डोळ्यांना सारखंच दिसतं, पण त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कापड रंगवण्याच्या बऱ्याच रंगांचं नेमकं उलट होतं. त्यांच्या रेणूतला नायट्रोजन-नायट्रोजन हा दुवा रंगाला जबाबदार असतो आणि बहुतेकदा तोच आधी तुटतो. रंग झटकन उडतो, पण बेंझीनची कडी (सहा कार्बन अणूंचं कडं) असलेले तुकडे पाण्यात तसेच राहतात. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन बाटल्यांचा फोटो कुणी दाखवला तर विचारायचा प्रश्न एकच: पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला?

सांडपाण्यातली बरीचशी घाण जिवाणू फुकटात खातात. पण कीटकनाशकं, औषधांचे अवशेष, फिनॉलसारखी रसायनं यांतली काही जिवाणूंना पचत नाहीत आणि काही तर जिवाणूंनाच मारतात. कोळशाच्या भुकटीने ती शोषून घेता येतात, पण मग विष पाण्यातून कोळशात जातं, एवढंच. रेणू मोडायचाच असेल तर सुरुवातीच्या प्रयोगातलं विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरण, म्हणजे विजेच्या मदतीने रेणूतले इलेक्ट्रॉन काढून घेणं, कामी येतं. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की हत्यार बाहेरून आणावं लागत नाही, ते पाण्यातूनच घडतं.

धनाग्राच्या, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीच्या, पृष्ठभागाला पाण्याचा रेणू टेकतो. धनाग्र त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो, एक हायड्रोजन आयन सुटून जातो आणि मागे उरतो हायड्रॉक्सिल मूलक. एका ऑक्सिजनला एकच हायड्रोजन, आणि एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना. ऑक्सिडीकरणाची ताकद व्होल्टमध्ये मोजली तर क्लोरीनची १.३६, ओझोनची २.०७ आणि याची सुमारे २.८. समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन तो हिसकावतो, नाहीतर बेंझीनच्या कडीला जाऊन चिकटतो. त्याचं आयुष्य इतकं क्षणभंगुर असतं की पट्टीपासून एक मायक्रोमीटरही तो दूर जात नाही. म्हणजे सगळी लढाई पट्टीला लागून असलेल्या पाण्याच्या पापुद्र्यातच होते.

म्हणूनच पट्टी कशाची आहे याला इतकं महत्त्व. रुथेनियम किंवा इरिडियम या धातूंच्या ऑक्साइडची पट्टी या मूलकाला घट्ट धरते, त्याचा ऑक्सिजन स्वतःत सामावून घेते आणि त्याची धार बोथट करते. फिनॉल मोडतं, पण बरेचदा काम अर्ध्यावर थांबतं आणि बरीचशी वीज ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जाते. हिऱ्याचं वेगळं आहे. तिथल्या कार्बनचे चारही हात आधीच गुंतलेले असतात, त्यामुळे मूलक नुसता टेकून राहतो आणि त्याची सगळी धार शाबूत राहते. धनाग्रांची ही 'सक्रिय' (मूलकाला घट्ट धरणारे) आणि 'असक्रिय' (त्याला नुसतं टेकू देणारे) विभागणी स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे संशोधक ख्रिस्तोस कोम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये मांडली. यात असक्रिय पट्टीच जास्त कामाची ठरते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण हिऱ्यातून वीज कशी वाहते? शुद्ध हिऱ्यातून वाहतच नाही. म्हणून काही कार्बन अणूंच्या जागी बोरॉनचे अणू बसवतात. बोरॉनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी. ती रिकामी जागा एका अणूकडून दुसऱ्याकडे सरकत जाते आणि वीज वाहू लागते. हा हिरा खाणीतला नव्हे. मिथेन आणि हायड्रोजन वायूंतून सिलिकॉन किंवा नायोबियमच्या पट्टीवर काही मायक्रोमीटर जाडीचा थर वाढवतात.

आता हिशेब. फिनॉलचा एक रेणू पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू करायचे तर २८ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. म्हणजे १ ग्रॅम फिनॉलला सुमारे ८ अँपिअर-तास. पाच व्होल्ट धरले तर १ किलोला ४० युनिट वीज, तीही एक इलेक्ट्रॉन वाया न जाता! प्रत्यक्षात वाया जातातच. पाण्यात विष विरळ होत गेलं की रेणू पट्टीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर वीज बुडबुडेच काढत बसते. म्हणून जिवाणूंना जमतं ते जिवाणूंकडेच सोपवावं.

सांडपाण्यात मीठ असेल तर जास्तच सांभाळावं लागतं. क्लोराइडपासून क्लोरीन बनतो, तो मदतही करतो, पण सोबत क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं तयार होऊ शकतात. हिऱ्याच्या पट्टीवर तर पर्क्लोरेटही बनतं, आणि ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही.

विजेच्या सळ्या बुडवून 'तुमच्या पाण्यात किती घाण आहे बघा' असं दाखवणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. तो तपकिरी गाळ बहुतांशी लोखंडी सळी झिजून आलेला गंज असतो. ऊर्ध्वपातित पाण्यात चिमूटभर मीठ टाकून त्याच सळ्या बुडवा, तिथेही गाळ येईल.

हायड्रॉक्सिल मूलकालाही दाद न देणारे रेणू आहेत. पर्फ्लुओरोऑक्टॅनोइक आम्लाच्या आठ कार्बनच्या साखळीवर हिसकावण्यासारखा हायड्रोजनच नाही, सगळीकडे फ्लोरीन. तिथे पट्टीला रेणूच्या टोकाचा इलेक्ट्रॉन स्वतःच ओढावा लागतो. मग कार्बन डायऑक्साइड सुटतो, फ्लोराइड सुटतं आणि साखळी एका कार्बनने आखूड होते. आठाचे सात, साताचे सहा. मध्येच वीज बंद केली तर पाण्यात या आखूड साखळ्या उरतात, आणि त्या कोळशालाही सहज धरता येत नाहीत.