कढीपत्ता आणि हळदीचे पान : गंध कुठे असतो, कसा सुटतो

कढीपत्त्याचे ताजे पान उजेडासमोर धरले, तर त्यात असंख्य बारीक, पारदर्शक ठिपके दिसतात. या तेलग्रंथी होत. कढीपत्ता हा लिंबू, संत्रे आणि बेल यांच्याच कुळातला असून या कुळातील वनस्पतींच्या पानांत असे ठिपके सर्रास आढळतात. त्यांतील उडनशील तेलात पायनीन, कॅरिओफायलीन अशी संयुगे मुबलक असली, तरी कढीपत्त्याचा खास वास प्रामुख्याने अत्यल्प प्रमाणात असलेल्या गंधकयुक्त फिनाइलइथेनथायॉलमुळे येतो, असे जर्मनीतील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले.

ही तेले अनेक किडींना दूर ठेवतात. लिंबू फुलपाखराची अळी मात्र हीच पाने खाऊन वाढते. मुंबईत उंच इमारतीच्या गॅलरीतल्या कुंडीवरही ही फुलपाखरे येऊन अंडी घालतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते. रोप अगदी लहान असेल तर अळ्या हाताने वेचाव्यात. वाढलेल्या झाडावर दोन-चार राहू द्याव्यात, असे मला मनापासून वाटते. खायच्या पानांवर कीटकनाशक फवारणे तर सर्वथा टाळावे.

आपण जिला कढीपत्त्याची काडी म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच संयुक्त पान असते आणि तिच्यावरची 'पाने' या त्याच्या पर्णिका असतात. म्हणून पर्णिका ओरबाडण्याऐवजी अख्खी काडी देठापासून काढावी. शेंडा खुडल्यास तेथून खाली येणारे ऑक्सिन हे संप्रेरक थांबते, बाजूचे डोळे फुटतात आणि झाड डेरेदार होते. ऊन भरपूर हवे. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण मुळे कुजतात.

फोडणीत मोहरी तडतडल्यावर कढीपत्ता पडला, की पानातील पाण्याची एकदम वाफ होते, ग्रंथी फुटतात आणि पाण्यापेक्षा तेलात कितीतरी अधिक विरघळणारी गंधद्रव्ये तेलात उतरतात. पाने काळी पडेपर्यंत थांबल्यास तीच द्रव्ये हवेत उडून जातात. वाळवलेल्या पानांतही हा वास फारसा उरत नाही.

हळदीच्या पानाची गोष्ट वेगळी. नागपंचमीला आणि गौरी-गणपतीत पातोळ्या करताना पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर लावून, त्यावर गूळ-खोबऱ्याचे सारण घालून, पान दुमडून मोदकपात्रात ठेवतात. वाफ पानातील सुगंधी तेल आपल्याबरोबर घेऊन पिठात पोहोचवते. अत्तराच्या भट्टीत ऊर्ध्वपातनाने तेल काढतात, तेही याच तत्त्वावर. पानातील तेल कंदातल्या तेलाहून वेगळे असते : कंदात टर्मरोन प्रमुख, तर पानात बहुधा फेलँड्रीन. पिवळा रंग देणारे करक्युमिन मुख्यतः कंदात साठते, म्हणून पातोळ्या पांढऱ्याच राहतात.

मे-जूनमध्ये पसरट कुंडीत डोळे असलेले कंद लावले, तर श्रावणापर्यंत वापरण्याजोगी पाने मिळतात. एका रोपाची सगळी पाने मात्र कापू नयेत, कारण कंद पोसण्यासाठी लागणारे अन्न तीच तयार करतात. हिवाळ्यात पाने पिवळी पडून सुकल्यावर कंद काढावेत. लागवडीच्या हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने तिला सहसा बी धरत नाही, म्हणून त्यांतील काही कंद पुढच्या वर्षीच्या लागवडीसाठी बाजूला ठेवावेत.